आखाडातला पाहुणा

माझ्या पहिल्या आणि शेवटच्या वकिलाचं आणि माझं बिनसलं ते 'अबला' या शब्दावरून. कारंज्यातल्या त्यांच्या ऑफिसात कायद्याची पुस्तकं काचेच्या कपाटात लावलेली होती आणि कपाटाची किल्ली कुणाला सापडत नव्हती. तिथे बसून त्यांनी मला माझाच अर्ज वाचून दाखवला. लेकीच्या पोटगीसाठीचा अर्ज. त्यात मी 'अत्यंत गरीब, भोळी व अबला स्त्री' होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पगार वेळेवर होतो, आणि भोळी म्हणून मला आजवर कुणी ओळखलेलं नाही. हे खोटं आहे, काढून टाका, असं मी म्हटलं.

"मॅडम, हे खोटं नसते. हे फॉर्म्याट असते."

मी पर्समधून पेन काढलं आणि ते शब्द खोडले. पुढे 'सदर अज्ञान बालिका' होतं. अज्ञान म्हणजे अल्पवयीन, हा कायद्यातला शब्द आहे हे माहीत असल्यामुळे तो राहू दिला. त्यांनी सगळे कागद एकत्र केले, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि माझ्याकडे सरकवले.

"मंग तुमीच चालवा केस."

"चालवते," मी म्हटलं. त्या वेळी मला ते उत्तर चांगलं वाटलं होतं.

वाशीमच्या न्यायालयात दुसरा वकील शोधला नाही असं नाही. पण माझ्या नवऱ्याचा मामा तिथल्या वकिलांमध्ये वजनदार. पहिल्याकडे वेळ नव्हता, दुसऱ्याची तब्येत ठीक नव्हती, आणि तिसऱ्याने खरं सांगितलं, म्हणून तो अजून मला आवडतो. "ताई, मले याच आवारात पोट भरायचं हाय." मोफत मिळतो तो सरकारी वकील मागितला. मिळाले ते गृहस्थ गेल्याच वर्षापर्यंत त्या मामांच्या हाताखाली बसत होते. त्यांना नमस्कार केला आणि माझी केस मी स्वतः चालवणार असं लिहून दिलं. त्यानंतर नावाचा पुकारा झाला की शिपाई माझ्या नावामागे 'स्वतः' असं जोडायचा. बाकीच्यांच्या मागे काळे कोट उभे राहत. माझ्या मागे भिंत असायची.

अर्जाला नवऱ्याचं उत्तर आलं. पहिली दोन पानं नमस्कारचमत्काराची होती. तिसऱ्या पानावर होतं ते असं: सदर बालिका गैरअर्जदारापासून झालेली नाही. गर्भधारणेच्या काळात अर्जदार ही रूढीप्रमाणे आखाडासाठी माहेरी होती व गैरअर्जदाराची आणि तिची भेट झालेली नाही.

आमच्याकडे लग्नानंतरचा पहिला आखाड नव्या नवरीने माहेरी काढायचा असतो. का, ते प्रत्येक घर वेगळं सांगतं. कुणी म्हणतं, त्या महिन्यात सासूसुनेने एकमेकींचं तोंड पाहू नये. कुणी म्हणतं, आखाडात दिवस गेले तर बाळंतपण चैत्राच्या उन्हात येतं. वऱ्हाडातलं ऊन पाहता दुसरं कारण मला शहाण्या माणसाने शोधलेलं वाटतं. म्हणून त्या महिन्यात जावयाने सासुरवाडीच्या वाटेला जायचं नाही. गेला तर त्याची आणि सासूची, दोघांचीही गावभर चेष्टा होते.

माझी लेक चैत्रात झाली.

सासरी कामरगावला पेढे गेले तेव्हा सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले म्हणे, आणि पेढ्यांचा डबा झाकण न उघडता परत पाठवला. सोबत निरोप होता. "चैत्रातली पोट्टी आमची नाई."

आता खरं काय ते. तो आला होता. त्या आखाडात कारंज्याच्या बाजारात तूर घेऊन आला, आडत्याकडे मुक्काम करतो असं घरी सांगितलं, आणि दिवेलागणीला कानाला टॉवेल गुंडाळून आमच्या दारात उभा राहिला. लग्नाला दोन महिने झालेला माणूस. मला आनंद झाला होता. आईला मात्र घाम फुटला. तिने त्याला आत घेतलं, दार लावलं, जेवायला बसवलं. तेवढ्यात शेजारच्या खाला विरजण मागायला आल्या. खाला म्हणजे आमच्या गल्लीतल्या मनियारीण, घरीच बांगड्या विकतात. आमच्या लग्नात त्या अकोल्याला लेकीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, त्यामुळे जावई त्यांनी पाहिलेला नव्हता. कोण आलं, असं त्यांनी विचारलं. आईने सांगून टाकलं, "माह्या बहिणीचा पोरगा हाय. रिसोडचा."

हे खोटं इतकं साधं होतं की आम्ही नंतर त्यावर हसलो सुद्धा. पहाटे तो निघून गेला.

पुढे सासूबाईंनी बोटं मोजली तेव्हा त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माय, मी गेलो व्हतो. कृषी पदवीधर माणूस, ट्रॅक्टर चालवतो, ग्रामसभेत बोलतो. मी फोनवर म्हणत होते, सांगा. तो म्हणायचा, "सांगतो. मोका पाहून सांगतो." लग्नाआधी याच स्वभावाला सगळे आज्ञाधारक म्हणत होते. मोका आला नाही. मला न्यायलाही कुणी आलं नाही. आधी तो नुसता गप्प होता. लेक पहिलीत गेल्यावर मी अर्ज केला, तेव्हा ते गप्प राहणं कुणीतरी टाइप केलं आणि त्याने खाली सही केली.

उत्तराच्या शेवटी रक्ततपासणीची मागणी होती. डीएनए. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, करून टाका मॅडम, दूध का दूध. मलाही तेच वाटत होतं. मी होकाराचा कागद लिहायला घेतला होता.

त्याच आठवड्यात लेक शाळेतून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, आज एक आजी आल्या होत्या शाळेच्या फाटकाशी. गाडीतून."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. माझा कान दुमडून पाहिला. मग दुसरा पण पाहिला."

"आणि?"

"आणि गेल्या. आई, माझ्या कानाला काही झालंय का?"

काही झालेलं नाही, असं मी सांगितलं. तिचे कान तिच्या बापाच्या घरचे आहेत, पाळी नसलेले, गालाला थेट चिकटलेले. त्या घरातल्या भिंतीवरच्या सगळ्या फोटोंमध्ये ते आहेत. बैलबाजारात गोऱ्ह्याचे दात पाहतात तसं त्या बाईने माझ्या लेकीला पाहून घेतलं होतं. त्या नाकारायला आल्या असत्या तर मला राग आला असता. पण त्या खात्री करायला आल्या होत्या, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या तारखेला त्यांचा नवा अर्ज आला. 'वरील म्हणण्यास बाध न येता' अशी त्याची सुरुवात होती. कायद्यात ही एक मोठी सोय आहे. तिच्यामुळे माणूस एकाच सहीने म्हणू शकतो की ही पोर माझी नाही, आणि असली तर माझ्याकडे द्या. मुलगी गैरअर्जदाराची ठरल्यास तिचा ताबा त्याला मिळावा. घरी शेती आहे, एकत्र कुटुंब आहे, आजी आहे. आई दिवसभर नोकरीवर असते. मुलगी ज्या घरात वाढते तिथे अनोळखी पुरुषांची ये-जा असल्याचे पुराव्यात येईल.

मी तो अर्ज बसमध्ये, मंगरुळपीर येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला. हरले तर लेक बिनबापाची ठरणार होती, आणि ते तिला शाळेत कुणीतरी सांगणारच होतं. जिंकले तर ती त्याची ठरणार होती, आणि मग तो तिला मागणार होता. मी एकेक पुरावा देऊन तिला त्याच्याच दाराकडे ढकलत होते.

होकाराचा कागद मी फाडला. तपासणी केली असती तर लेक त्याचीच निघाली असती, यात शंका नव्हती. पण तपासणी लेक कुणाची एवढंच सांगते. खोटं कोण बोललं ते सांगत नाही. निकाल हातात घेऊन तो न्यायाधीशांपुढे हात जोडून उभा राहिला असता. मला प्रामाणिक शंका होती, विज्ञानाने ती फेडली, आता माझी लेक मला द्या. आणि तो आला होता, त्याला माहीत होतं, माहीत असून त्याने सहा वर्षं पोरीला नाकारलं, हे कुठेच आलं नसतं. पोर कुणाकडे राहणार ते ठरवताना मला तेवढंच हवं होतं. म्हणून मी तपासणीला विरोध केला. आधी साक्षीपुरावा होऊ द्या, असं न्यायाधीशांनीही म्हटलं.

त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबू लागलं. तपासणीला नाही म्हणणाऱ्या बाईबद्दल लोकांना आणखी पुरावा लागत नाही. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर तीन पेन, दोन झेंडे आणि त्यांचाच सत्कार होत असतानाचा फोटो असतो. संस्थेची प्रतिमा या विषयावर ते बराच वेळ बोलले. "तुमच्यावर आमचा विश्वास आहे," असं शेवटी म्हणाले. पूर्ण बोलण्यात ते एकच वाक्य मला धमकीसारखं वाटलं.

साक्षीला आई हवी होती. ती तयार होईना.

"तुले काय वाटते, मी त्या साहेबासमोर उभी राहून सांगू, जवाई आखाडात आला व्हता म्हणून? लोक काय म्हणतीन?"

"लोक आता काय म्हणून राह्यले, ते मालूम हाय ना तुले?"

"ते तुले म्हणतात. हे मले म्हणतीन."

ती विनोद करत नव्हती. तिच्या हिशेबात लेकीवरचा खोटा आळ देव पाहून घेणार होता, पण स्वतःच्या हातून मोडलेली रीत चारचौघांत कबूल करणं हे तिलाच करावं लागणार होतं. शेवटी ती आली ती नातीसाठी.

समोरचे वकील उंच, भरदार, आणि वाशीमच्या एप्रिलमध्येही कोटाची सगळी बटणं लावणारे. मला ते 'माझ्या विद्वान भगिनी' म्हणत, आणि दर वेळी मागच्या बाकांवर खसखस पिके. मी आईला विचारलं, तिने खरं ते सांगितलं. जावई आला, जेवला, राहिला. मग ते उठले.

"आजी, शेजारणीला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"बहिणीचा पोरगा हाय म्हणून."

"म्हणजे खोटं बोललात."

"व्हय."

"कशासाठी?"

"इज्जतीसाठी."

"आणि आज इथे कशासाठी आलात?"

आईने माझ्याकडे पाहिलं. साक्षीदाराला मदत करता येत नाही. मी माझ्या कागदांकडे पाहिलं.

"इज्जतीसाठीच," आई म्हणाली.

वकील खाली बसले. त्यांना बोलायची गरजच नव्हती. टाइप करणाऱ्या बाईंनी ते उत्तर टाइप केलं, आणि यंत्रातून बाहेर येताना ते आईने म्हटलं त्यापेक्षा फार वाईट दिसत होतं.

नवऱ्याचा उलटतपास मीच घेतला. ज्या माणसाला तुम्ही एकेकाळी टॉवेल शोधून देत होता त्याला 'आपण' म्हणून प्रश्न विचारणं हा प्रकार कुठल्याच पुस्तकात दिलेला नाही. तो सगळा वेळ न्यायाधीशांच्या टेबलाच्या कडेकडे पाहत होता.

"त्या दिवशी आपण कारंज्याला आला होतात?"

"तूर घेऊन."

"मुक्काम कुठे होता?"

"आडत्याकडे."

"त्यांना साक्षीला आणणार?"

"ते वारले."

ते खरं होतं. मेलेली माणसं साक्षीदार म्हणून फार सोयीची असतात.

"मुलगी झाल्यावर आपण मला फोनवर 'मोका पाहून सांगतो' असं म्हणालात. काय सांगणार होता?"

"आठवत नाई."

"खरंच?"

"असा प्रश्न नसतो," न्यायाधीश म्हणाल्या. त्या तरुण होत्या, कोकणातून नुकत्याच बदलून आलेल्या, आणि न चिडता बोलायच्या. "'आठवत नाही' असं घ्या," त्या टाइप करणाऱ्या बाईंना म्हणाल्या.

नंतर त्याची साक्षीदार आली, ती म्हणजे आमच्या खाला. कुणीतरी बांगड्या भरायच्या निमित्ताने त्यांच्या दारी बसून त्या संध्याकाळची सगळी हकिकत काढून नेली होती. समन्स आल्यावर खाला आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा घेतला नाही.

"बेटी, मी कसम खाऊन खोटं नाई बोलणार. जे पाह्यलं तेच सांगीन."

"तेच सांगा खाला."

"पण त्यानं तुह्यं वाटोळं होईन."

खरं बोलणारी एकच साक्षीदार होती, आणि ती त्यांच्या बाजूची होती.

वकिलांनी त्यांना अगदी अदबीने विचारलं. एक तरुण माणूस होता का? व्हता. जेवत होता? व्हय. बाईंनी कोण म्हणून सांगितलं? बहिणीचा पोरगा. तो हाच का, असं त्यांनी नवऱ्याकडे बोट करून विचारलं. "तोंड नाई पाह्यलं साहेब. पाठ व्हती माह्याकडे. कोन व्हता, अल्ला जाने." मागच्या बाकांवर कुणीतरी 'बाप्पा!' म्हणालं. वकील माझ्याकडे वळून किंचित वाकले. "विचारा."

मी रात्री बसून प्रश्न काढले होते. उजेड किती होता, दार किती उघडं होतं, खालांना चष्मा कधी लागला. पुस्तकात लिहिलं होतं की उलटतपासात उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये. मी कागदाकडे पाहिलं. ते सगळे प्रश्न खालांना खोटं पाडायचे होते, आणि खाला खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खोटं पाडून मी काय मिळवणार होते? मी कागद खाली ठेवला आणि विचारू नये तो प्रश्न विचारला.

"खाला, तुमी दारात आल्या तवा काय काय दिसलं, ते सगळं सांगा."

वकिलांनी हरकत घेतली नाही. पेनाचं टोपण लावलं आणि मागे टेकून बसले.

"काय दिसन? दिवे लागले व्हते. मी विरजणाची वाटी घेऊन आली. तो पाटावर बसून जेवून राह्यला व्हता, भिंतीकडे तोंड करून. तू वाढून राह्यली व्हती. बाई दाराच्या मांगं उभी. मले पाहून लगबगीनं भाईर आली, डोक्यावरचा पदर सावरत, आणि हळूच म्हणे बहिणीचा…"

खाला थांबल्या. बाकावर बसलेल्या माझ्या आईकडे पाहत राहिल्या, आणि कोर्टात आहोत हे पार विसरून त्यांनी तिलाच विचारलं, "काहून वो बाई, तुमी बहिणीच्या पोरासमोर पदर घेता?"

"साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात," न्यायाधीश म्हणाल्या.

"तसं नाई मॅडम. हिच्या बहिणीचे पोरं मी पाह्यले हायेत. दिवाळीले येतात. ही त्यायच्या पाठीत धपाटे घालते, त्यायच्यासंगं एका ताटात खाते. त्यायच्यासमोर पदर कायले घेईन? आणि दाराच्या मांगं कायले लपंन?"

वकील उभे राहिले. हे साक्षीदाराचं मत आहे, मताला किंमत नाही, असं बरंच काही ते म्हणाले. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "पदर घेतला म्हणजे काय? मी इकडची नाही. नीट सांगा."

मग खालांनी सांगितलं. सासऱ्यासमोर घेतात, थोरल्या दिरासमोर घेतात, आणि सासू घेते ती जावयासमोर. जावयाचं जेवण होईपर्यंत ती त्याच्या नजरेला पडत नाही, लेकीकडून वाढवते. "आमच्यातही असंच हाय, यायच्यातही असंच हाय. आठ वरसं झाले, माह्या ध्यानातच नाई आलं." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

आई मान खाली घालून बसली होती. शेजारणीला तिने जे सांगितलं ते ठरवून सांगितलं होतं. पदर मात्र न ठरवता डोक्यावर गेला होता. नात्याबद्दलचं मत माणसाच्या वागण्यातून दिसलं तर ते पुराव्यात चालतं, असं एक कलम आहे. मी ते वाचलं होतं आणि त्या क्षणी मला आठवलं नव्हतं. सुदैवाने न्यायाधीशांना आठवलं. "साक्षीदार स्वतःहून सांगते की," त्या म्हणाल्या, आणि टाइप करणाऱ्या बाईंची बोटं चालू लागली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कान लाल करून टेबलाच्या कडेकडे पाहत होता. मग मी त्याच्या मागे बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. मुलगा आखाडात सासुरवाडीला गेला होता, हे त्या आपल्याच बाजूच्या साक्षीदाराकडून पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. राग नव्हता. पिशवीतून सुपारी काढून त्यांनी ती शांतपणे तोंडात टाकली.

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लागला. तपासणीची गरज नाही. लग्नाच्या काळात जन्मलेली मुलगी त्याचीच, भेट झाली नाही हे तो सिद्ध करू शकला नाही, उलट भेट झाल्याचं त्याच्याच साक्षीदाराकडून आलं. जाणूनबुजून पोटच्या मुलीला नाकारणाऱ्या बापाकडे तूर्त ताबा देणं तिच्या हिताचं नाही. मुलगी आईकडे राहील. पोटगीही मंजूर. मी पान उलटलं. तथापि, मुलीला बापाच्या सहवासापासून कायम दूर ठेवता येणार नाही. महिन्यातल्या एका रविवारी तो तिला दिवसभरासाठी नेऊ शकेल. सुट्टीतल्या मुक्कामाचा आणि पुढे ताब्याचा विचार योग्य वेळी, मुलीची इच्छा लक्षात घेऊन, करता येईल.

'तथापि' या शब्दाबद्दल माझं मत तेव्हापासून बदललं आहे.

बाहेरच्या व्हरांड्यात तो माझ्यापाशी येऊन थांबला. दोन वर्षांत प्रथमच वकिलाशिवाय.

"अभिनंदन."

मी निकालाची प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"तूच सिद्ध करून देलं ना, माही हाय म्हणून," तो म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता, एखादा हिशेब बरोबर आल्याचं समाधान होतं. "आता पाहू."

पहिल्या रविवारी जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. तो एकटाच होता. लेकीला मी नवा फ्रॉक घातला होता, पाण्याची बाटली दिली होती, माझा नंबर पाठ करून घेतला होता.

"आई, मी यांना काय म्हणू?"

कोर्टात हा प्रश्न मी दोन वर्षं लढवला होता. तिथे उत्तर देताना माझा आवाज एकदाही चाचरला नव्हता.

"बाबा म्हण."

ती जीपमध्ये चढली. पुढच्या सीटवर बसायला मिळालं म्हणून खूश होती. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. जीप कामरगावच्या रस्त्याला लागल्यावरही थोडा वेळ तिथेच होते. दुपारी खाला येऊन बसल्या, उठल्या, पुन्हा येऊन बसल्या. आईने चूल दोनदा पुसली.

संध्याकाळी ठरल्या वेळेला जीप आली. एक मिनिटही उशीर नाही. त्यांच्या वकिलाने त्यांना नीट शिकवलं होतं. लेक उतरली. मी घातलेल्या दोन वेण्या मोडून तिची एकच घट्ट वेणी घातली होती, तेल चोपडून, कान पूर्ण उघडे दिसतील अशी. पायांत पैंजण होते. ती घरात आली ती नाचतच.

"तिथे वासरू आहे आई. त्याचं नाव मी ठेवायचं म्हणे. आणि झोका आहे. त्या आजी काही रागीट नाहीत. त्यांनी मला पुरणपोळी भरवली."

"छान."

"त्यांनी विचारलं, आमच्याकडे राहायला येशील का, कायमची?"

मी तिच्या पायातले पैंजण काढायला खाली बसले होते. फास फार घट्ट होता.

"तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हटलं. वासरासाठी." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मग बाबांनी मोबाइल समोर धरला आणि म्हणाले, परत एकदा म्हण. नीट ऐकू येईल असं म्हण. मग मी परत म्हटलं."